पाट्यांना सांगितलंस का?

“आन् मोडला तर, उस्ताद? चढावर मधीच पाटा मोडला तर?”

जीपखालून धाकलूचा आवाज आला. त्याचे नुसते पाय बाहेर दिसत होते.

बाबालाल उस्ताद दाराजवळच्या बाकावर बसून चहा पीत होते. त्यांनी बशीतला शेवटचा घोट घेतला.

“आन् न्हाई मोडला तर?”

आता हा काय प्रश्न झाला? धाकलूनं नट करकचून आवळला आणि सरपटत बाहेर आला.

धाकलू झोरे हा वरच्या माळावरच्या धनगरवाड्याचा. बाबालाल शिकलगारांच्या गॅरेजात घडलेला शागीर्द. हाताला गुण असा, की मेलेलं इंजिन त्यानं हात लावला की खोकत का होईना, उठायचं. पण अलीकडं स्वारीला शिंगं फुटली होती. उस्तादांनी एक सांगावं आणि यानं चार ऐकवावीत.

आणि आज तर त्याला ऐकायला वेळच नव्हता.

समोर उभी होती ती दवाखान्याची नवी रुग्णगाडी. नवी म्हणजे वरून नवी. खाली जुनीच जीप, चारी चाकांनी ओढणारी, जन्मभर खाणीचे दगड वाहिलेली. तिची गंजकी लोखंडी बॉडी उतरवून धाकलूनं त्या सांगाड्यावर फायबरची पांढरी पेटी चढवली होती. आत स्ट्रेचर. पेटी होती उंच. ती डुलू नये म्हणून त्यानं मागच्या दोन्ही कमानींत एकेक जाडजूड पाटा आणखी घातला होता. कमान म्हणजे पोलादी पाट्यांची चळत. गाडीचा सगळा भार तिच्यावर.

दुपारी ही गाडी वर न्यायची होती. पहिल्या फेरीला खाली कुणाला आणायचं, तेही ठरलं होतं. धाकलूच्या आईला.

काल सांजेला ती गवताचा भारा घेऊन उतरताना घसरली आणि मांडीचं हाड मोडून बसली. वाड्यावरची कर्ती माणसं कामाला शहराकडं गेलेली. बांबूला झोळी बांधून आणावं तर उचलायला खांदे नाहीत. बायकांनी पायाला काठ्या बांधून तिला घोंगड्यावर निजवलं होतं. फोनवर तिचं कण्हणं ऐकल्यापासून धाकलूचा जीव थाऱ्यावर नव्हता.

“चला उस्ताद, फेरी मारा. मला निघाय पायजे.”

बॉडी चढवलेल्या गाडीची पहिली फेरी उस्तादांनी मारायची, ही गॅरेजची रीत. धाकलूनं किल्ली पुढं केली.

उस्तादांनी ती घेतली नाही. भिंत धरून ते उठले. गाड्यांखाली पाठ टेकून टेकून त्यांची कंबर पार कामातून गेली होती. हळूहळू चालत ते गाडीच्या मागं गेले, दार उघडलं, चपला काढून खाली नीट जोडीनं ठेवल्या, आणि आत चढून स्ट्रेचरवर आडवे झाले.

“उस्ताद… हे काय?”

“तू चालव. ओढ्यापतोर जाऊन ये.”

“आवो, तुमची कंबर…”

“दार लाव.”

गॅरेजमागून ओढ्याकडं जाणारी वाट म्हणजे नुसते दगडधोंडे. धाकलूनं गाडी घातली. खड्डा आला, गाडीनं उडी घेतली. दगड आला, गाडी टणकन वर आली. पण पेटी? पेटी जागची हलली नाही! कुठं कुरकुर नाही, खडखड नाही. धाकलूची छाती फुगली. वा रे पठ्ठ्या, म्हणावं! असली गाडी आईला आणायला निघाली होती. येताना तर त्यानं शीळ घालतच चढ घेतला.

गॅरेजपाशी येऊन त्यानं मागचं दार उघडलं आणि शीळ ओठातच विरली.

उस्तादांनी दोन्ही हातांनी स्ट्रेचरच्या दांड्या धरल्या होत्या. चेहरा राखेसारखा. खालचा ओठ दाताखाली.

“उस्ताद! आवो, हाक तरी मारायची!”

“मारली की.”

“मला न्हाई आली ऐकू.”

“तू शीळ घालत हुतास.”

पण वाकेल तो धाकलू कसला!

“पण गाडी बघा की, उस्ताद. एक नट ढिला न्हाई. पाट्याला चरासुदिक न्हाई.”

“व्हय. गाडी ठणठणीत हाय,” उस्ताद म्हणाले. “आता मला उतरव.”

त्यानं त्यांना खांद्याचा आधार देऊन उतरवलं आणि बाकावर बसवलं. उस्तादांनी डोळे मिटले.

तसा धाकलू उसळला.

“मग करू तरी काय मी? गेल्या साली आईला ताप चढला, तवा भाड्याची गाडी आणली. अर्ध्या चढावर पाटा तुटला. उन्हात तशीच पडली हुती म्हातारी. तवाच शपथ घेतली म्या, माझ्या हातची गाडी मोडणार न्हाई म्हणून!”

“मग आणली कशी तिला?”

“झोळीतनं. मी आन् तीन गडी.”

“बांबू कुणी तोडला?”

“म्याच की.”

“जाडजूड बघून घेतला असशील.”

“छ्या! जाड बांबू झोळीला कोण घेतंय?” धाकलू जवळजवळ हसलाच. उस्तादांना एवढंही ठाऊक नाही! “ओला, लवणारा घ्यायचा. जाड बांबू लवत न्हाई, प्रत्येक पावलाला हिसका देतो. आत माणूस…”

तो थांबला.

उस्तादांनी डोळे उघडले नाहीत.

“…आत माणूस असतंय,” धाकलू पुटपुटला.

“आन् म्हातारी? झोळीत वरडत हुती?”

“न्हाई.” धाकलूनं नाक पुसलं. “निजली हुती. खाली आल्यावर म्हणली, लेकरा, वाईच डोळा लागला हुता बघ.”

“हं.”

उस्तादांनी आता डोळे उघडले. कोपऱ्यात पडलेल्या जुन्या लोखंडी बॉडीकडं बोट केलं.

“ती उतरवलीस, तवा तिच्यासंगं आणिक काय उतरलं?”

धाकलूनं बॉडीकडं बघितलं. मग पांढऱ्या पेटीकडं.

“वजन.”

“पाट्यांना सांगितलंस का?”

धाकलूची नजर खाली कमानींवर गेली.

“ते बिचारे अजून दगडंच उचलाय बसल्यात,” उस्ताद म्हणाले. “आन् तू त्यांच्या मदतीला आणिक दोन पैलवान धाडलेस.”

दुसऱ्या कुठल्या दिवशी धाकलू या बोलण्यावर रुसून बसला असता. आज त्यानं मुकाट्यानं जॅक लावला. ज्या हातांनी पाटे चढवले होते, त्याच हातांनी ते उतरवले. मग बाहेर येऊन, तळव्यांचं ग्रीस तसंच ठेवून, तो उस्तादांपुढं उभा राहिला. इतका खाली मान घालून, की त्यांनाच भडभडून आलं.

“पेटी उंच हाय, उस्ताद. मऊ केली तर डुलंल.”

“झोळी डुलत न्हाई व्हय?”

“डुलती.”

“तवा काय करतोस?”

“…सावकाश चालतो.”

उस्ताद नुसते हसले.

“माझे दोन्ही काढले. मूळचे अजून हायती, तेबी ताठच हायती. सगळे काढून चालायचं न्हाई, भार कोण घेणार? त्यातलं किती काढू, तेवढं सांगा.”

उस्ताद उठले. भिंत धरत धरत पुन्हा गाडीच्या मागं गेले.

“नको, उस्ताद!” धाकलू आडवा आला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. “आता मी निजतो. तुमी चालवा.”

“तुला निजून काय कळणार? तुझी कंबर नवी हाय.”

त्यांनी चपला काढून खाली जोडीनं ठेवल्या. आत चढले. स्ट्रेचरवर अंग टाकलं, आणि या खेपेला दांड्या न धरता दोन्ही हात छातीवर ठेवले.

“पर किती काढू, उस्ताद?”

“माझा डोळा लागंस्तवर.”