उपाशी हत्तीण आणि गजवैद्य

फार पूर्वी चंपानगरीत श्रुतवर्मा राजा गादीवर असताना बोधिसत्त्व त्याच्या पदरी गजवैद्य होते. मान मोठा होता, आणि खरे सांगायचे तर तो त्यांना थोडा चढलाही होता. मिरवणुकीत पायघड्यांवर लीद पडू नये म्हणून त्यांनीच नियम घालून दिला होता: आदल्या दिवसापासून हत्तींना चारा द्यायचा नाही. पायघड्या स्वच्छ राहू लागल्या आणि राजाने वैद्यांच्या अंगावर शाल घातली.

एका वसंतोत्सवात धनिक नावाच्या माहुताने आपल्या रेवा हत्तिणीच्या कानाला नेहमीसारखा अंकुश टेकवला. ती किंचाळत उधळली आणि तिच्या धक्क्याने राजाच्या स्वागताची कमान कोसळली.

राजा संतापला. "हत्तीण पिसाळली असेल तर तिला ठार मारा. माहुताने टोचले असेल तर त्याचा हात तोडा. वैद्यराज, काय ते सांगा."

"नुसता टेकवला हो, महाराज!" धनिक रडू लागला. "लेकीसारखी आहे ती मला."

बोधिसत्त्वांनी रेवाच्या कानाला बोट लावले. तेवढ्यानेही ती थरथरली. मग त्यांनी ऊस आणि केळीचे खांब मागवले. ती पोटभर खाऊन उभी राहिल्यावर, थोड्या वेळाने, त्याच जागी त्यांनी अंकुश टेकवला. रेवाने फक्त कान हलवला.

बोधिसत्त्वांचा चेहरा उतरला.

प्रधान त्यांच्या कानाशी लागला, "पिसाळली म्हणा. तुमचा मान राहील."

बोधिसत्त्वांना मान वर करवेना. तरी ते म्हणाले, "महाराज, दोष माझा आहे. रिकामे पोट डोक्याला सारखा संकटाचा निरोप धाडत राहते. मग जनावर भेदरते आणि साधा स्पर्शही त्याला जखमेसारखा दुखतो. वैद्य असून मला हे कळले नाही. पायघड्यांसाठी मी मुक्या जिवांना वर्षानुवर्षे छळले. मला फार लाज वाटते."

राजाने रेवा आणि धनिक दोघांनाही सोडले. "तुमची शिक्षा तुम्हीच सांगा," तो वैद्यांना म्हणाला.

पुढच्या मिरवणुकीत रेवा भरल्या पोटी डुलत चालली. तिच्यामागून गजवैद्य टोपलीत लीद उचलीत चालले होते. लोक पोट धरून हसले.

ही कथा सांगून भगवान शास्ते भिक्खूंना म्हणाले, "काल उपाशीपोटी ओरडला म्हणून ज्याला तुम्ही हसता, तो सोणक भिक्खू त्या जन्मी रेवा होता. त्याला आपल्या पात्रातले अन्न देणारा वृद्ध भिक्खू हा धनिक होता. गजवैद्य मीच होतो. ती लाज मला अजून आठवते. चारचौघांत आपली चूक आपल्या तोंडाने सांगणे, ही सत्यपारमिता, सत्याची परिपूर्णता."

हसणाऱ्यांनी खाली पाहिले.