एका छऱ्याची जागा

गोष्ट जुनी आहे. किती जुनी म्हणाल, तर राजे अजून गादीवर होते आणि फटफट्या येऊन जुन्यापान्याही झाल्या होत्या. असा काळ नेमका कधी होता, ते मला विचारू नका. तुम्हाला गोष्ट हवी आहे ना? मग थोरांनी मध्ये बोलू नये आणि पोरांनी चुळबुळ करू नये.

एका घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं. त्या गावात नारोबा कासार राहायचा. बांगड्या भरण्यात त्याचा हात असा हलका, की कितीही मोठ्या हाडापेराची बाई असो, तोंडातून ‘आई गं’ म्हणून निघायचं नाही. पण हात जेवढा हलका, तेवढंच मन जड. नारोबा संशयी होता. दूध पातळ लागलं की गवळ्यावर संशय, घट्ट लागलं तर त्याहून जास्त. आज याला एवढा पुळका का आला, म्हणून!

नारोबाकडे त्याच्या वडिलांची फटफटी होती. काचेच्या बांगड्यांची पेटी मागं बांधायची आणि फट् फट् करत घाटावरच्या गावांना जायचं, असा त्याचा धंदा चाले. पण गाडी म्हातारी झाली होती. पुढचं चाक डगमगायचं, हँडल खडखडायचं, आणि मान इतकी सैल झाली होती की गाडी उजवीकडे जाणार की डावीकडे, हे गाडीच ठरवायची.

आणि नेमकं त्याच वेळी घाटावरून निरोप आला. नारोबाच्या लेकीला, मंजुळेला सातवा लागला होता. शुक्रवारी दुपारी डोहाळजेवण. कासाराच्या घराण्याची रीत अशी, की लेकीला त्या दिवशी हिरवा चुडा भरायचा तो बापानंच, आपल्या हातानं. बाप पोचला नाही तर लेक मोकळ्या मनगटांनी पाटावर बसणार. एकुलती एक लेक. नारोबानं वर्षभर हेरून हेरून हिरव्या बांगड्या बाजूला काढून ठेवल्या होत्या. त्यामुळे शुक्रवारी दुपारच्या आत घाट चढायचा, एवढं एकच त्याच्या डोक्यात होतं.

“येसबाभावजींच्या भात्यावर नेऊन टाका गाडी,” त्याची बायको सगुणा म्हणाली. “दोन दिवसांत करून देतील.”

“म्हणजे आतलं चांगलं काढून घेईल आणि झिजकं बसवून देईल!” नारोबा म्हणाला. “काही नको. घरीच खोलतो. माझ्या डोळ्यांसमोर.”

येसबा लोहार म्हणजे भिंतीला भिंत लागून असलेला शेजारी. त्याच्यावर नारोबाचा राग कशाचा, तेही सांगतो. महिन्यापूर्वीच्या जत्रेत नारोबानं येसबाच्या बायकोला, साळूला, परक्या कासाराच्या दुकानात उभी असलेली पाहिलं होतं. तिनं बांगड्यांचं पुडकं घेतलं आणि नारोबा दिसताच पदराखाली लपवलं. शेजारी कासार असताना जी बाई परक्याकडून बांगड्या घेते आणि वर लपवते, तिच्या घरात आपल्याविषयी काय बोलत असतील! नारोबाला तेवढं पुरे होतं.

तर नारोबानं ओसरीत पोतं अंथरलं आणि फटफटीचं पुढचं सगळं खोललं. चाक काढलं, दिवा काढला, हँडल काढलं. चाक धरणारा चिमटा मानेतून खाली ओढला, तेव्हा मान फिरती ठेवणारे वाटाण्याएवढे लोखंडी गोळे, म्हणजे जुने छर्रे, टपाटप खाली पडले आणि ओसरीभर पळाले. सगुणेचं जुनं लुगडं फाडून त्यानं एकेक भाग रॉकेलनं पुसला. मग एक चकती सापडेना. नारोबानं कोंबडीकडे पाहिलं. कोंबडी ओसरीखाली माती उकरत होती.

“हिनंच गिळली,” तो म्हणाला आणि कोंबडीला पाटीखाली झाकून वर वरवंटा ठेवला.

संध्याकाळी जेवायला बसला तेव्हा चकती त्याच्याच करंगळीत होती. हरवू नये म्हणून त्यानंच घातली होती. कोंबडी सुटली, पण नारोबानं तिची माफी काही मागितली नाही.

छर्रे ज्यांत बसतात त्या मानेतल्या वर-खालच्या दोन झिजलेल्या वाट्या मात्र काही केल्या निघेनात. बुधवार उजाडला. शेवटी नाइलाजानं येसबाला बोलवावं लागलं. येसबा आपला हातोडा घेऊन आला, चार ठोक्यांत त्यानं वाट्या काढल्या आणि बाजारातून आणलेल्या नव्या ठोकून बसवल्या. मग वाटीत ग्रीस थापून तो एकेक छर्रा गोल लावू लागला. नारोबा समोर मांडी ठोकून बसला होता आणि येसबाच्या बोटांवरून नजर हलवत नव्हता.

येसबा मुळात कमी बोलायचा. त्यात कोणी असं डोळे वटारून बघत बसलं की त्याची वाचाच बसायची. त्यानं निमूटपणे चिमटा मानेत चढवला, वरचा नट हातानंच आवळला. छर्रे बाजारात विसाच्या पुडीनं मिळत, तशा दोन पुड्या आणल्या होत्या. त्यातले दोन उरले. येसबानं ते कागदात गुंडाळून कोनाड्यात ठेवले. तेवढ्यात बैल पाडून ठेवलाय, नाल ठोकायला चल, म्हणून कोणी हाक मारली.

“संध्याकाळी येतो. मग नीट आवळू,” एवढंच म्हणून तो गेला.

तो गेला मात्र, नारोबा उठला. कोनाड्यातली पुडी त्यानं उलगडली. आत दोन छर्रे!

“बघ, बघ!” तो सगुणेला म्हणाला. “चाळीस आणले आणि यानं दोन लपवून ठेवले.”

“अहो, लपवले कुठं? उरले म्हणून ठेवले.”

“उरतील कसे? वीस वर, वीस खाली.”

त्यानं नट काढला आणि वरच्या वाटीत डोकावला. छऱ्यांच्या गोलात एका जागी फट होती, अगदी एका छऱ्याएवढी. चिमटा खाली ओढून पाहिलं, तर खालच्या वाटीतही तेच. नारोबाच्या अंगावर काटा आला. त्याला सगळं लख्ख कळलं, म्हणजे असं त्याला वाटलं. मान ढिली राहावी, आपण घाटात पडावं, आणि पुन्हा पुन्हा याच्याच दाराशी यावं, हा डाव!

त्यातच शेजारच्या विहिरीवर साळू पाणी ओढत होती आणि तिचा रहाट आज कुरकुरत नव्हता. “आपलं ग्रीससुद्धा नेलं,” नारोबा म्हणाला.

“मीच दिलं बोटभर,” सगुणा म्हणाली. “उठल्यापासून कुरकुर ऐकून माझेच कान किटले होते.”

पण ऐकतो कोण? नारोबानं एक छर्रा घेतला आणि खालच्या फटीत दाबला. जाईना. अंगठ्यानं दाबला. जाईना. मग लाकडी ठोकळा ठेवून वर मूठ मारली. टक् करून बसला. तसाच दुसरा वरच्या वाटीत घातला, चिमटा चढवला आणि दात-ओठ खाऊन नट आवळला. हँडल फिरवून पाहिलं. जरा जड फिरलं. “याला म्हणतात भरलेली मान,” तो म्हणाला आणि खूश झाला.

संध्याकाळी येसबा आला. त्यानं हँडलला हात लावला आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

“नारबा, ते छर्रे...”

“छऱ्यांचं मला सांगू नकोस. मला मोजता येतं.”

“जड लागतंय रे. खोलून बघतो जरा.”

“हात लावायचा नाही!”

येसबानं हात मागं घेतला. जाता जाता दारात थांबून एवढंच म्हणाला, “मग निदान घाट चढू नकोस. आमची गाडी डोहाळजेवणाला जाणारच आहे परवा, तिच्यात बस.”

“बैलगाडीत बसवून दुपार चुकवायची माझी,” नारोबा मनाशी म्हणाला. आता त्याची पक्की खात्री झाली.

गुरुवारी सगुणा स्वयंपाकाला हातभार लावायला पुढं गेली. शुक्रवारी सकाळी उन्हं अंगणात आल्यावर नारोबानं पेटी बांधली, देवाला हात जोडले आणि फटफटीला लाथ मारली. गाडी सुरू झाली. शेजारच्या अंगणात नजर गेली, तर येसबाची बैलगाडी नव्हती. ती पहाटेच निघून गेली होती. “गेला असेल वाटेत खिळे टाकायला,” नारोबा म्हणाला. बघा, म्हणजे कुठवर जातं माणसाचं मन!

घाटाला सात वळणं होती. पहिली दोन ठीक गेली. तिसऱ्याला हँडल खेचावं लागलं. चौथ्याला मानेतून करकर ऐकू आली. पाचव्या वळणाच्या अलीकडे त्यानं येसबाची बैलगाडी गाठली आणि मान न वळवता पुढं काढली.

“अहो भावजी, हळू!” साळू ओरडली. तो कसला थांबतो!

सहाव्या वळणावर त्यानं हँडल वळवलं. ते अर्धं वळलं आणि तिथंच बसलं. मागंही येईना, पुढंही जाईना. रस्ता एकीकडे गेला आणि नारोबा, फटफटी आणि पेटी दुसरीकडे, थेट करवंदीच्या जाळीत.

जाळी होती म्हणून वाचला. त्या पलीकडे दरी होती. अंगभर ओरखडे, मनगट मुरगळलेलं. पण नारोबानं आधी पेटीकडे धाव घेतली. उघडली आणि मटकन खाली बसला.

कासाराच्या घरात बांगडी फुटली असं कोणी म्हणत नाही, अशुभ असतं ते. ‘वाढली’ म्हणतात. पेटीतल्या सगळ्याच्या सगळ्या बांगड्या वाढल्या होत्या. लेकीच्या चुड्याच्या हिरव्या काचांचा ढीग झाला होता.

एवढ्यात बैलगाडी येऊन थांबली. येसबा खाली उडी मारून धावत आला.

“आला बघायला,” नारोबा कण्हत म्हणाला. “पडलो ना मी? झालं तुझ्या मनासारखं?”

 येसबानं नारोबाला उठवून गाडीशी टेकवून बसवलं, पाणी पाजलं, गाडीतून अवजारांची पिशवी काढली आणि तिथंच रस्त्याच्या कडेला फटफटीची मान खोलली. चिमटा खाली आला तसे छर्रे त्याच्या धोतरावर पडले. एका छऱ्याचे फुटून दोन तुकडे झाले होते आणि दुसऱ्या दोन छऱ्यांच्या मध्ये त्याची पाचर बसली होती. वाटीला खोल चरा पडला होता.

“हा विसावा कोणी घातला?” येसबानं विचारलं.

नारोबा अंगातले काटे उपटू लागला.

“अरे, जागा मी मुद्दाम सोडली होती. छर्रे फिरले तर मान फिरणार. खचाखच भरले तर एकमेकांना घासून बसतात. बिनफटीची फटफटी कुठं असते का? हिच्या नावातच दोनदा फट आहे!”

“मग तेव्हाच का नाही सांगितलंस?”

“तू बोलू दिलंस?”

नारोबानं मान खाली घातली. येसबा जवळ येऊन बसला.

“तू बांगडी भरतोस ना? लेकीला भरताना मनगटाला चिकटून भरशील?”

“छे! बोटभर सैल ठेवायची. दिवस भरत आले की हात सुजतात. घट्ट भरली तर रुतते.”

“मग ते बोटभर तू चोरतोस का लेकीचं?”

नारोबाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. इतक्या वर्षांत त्याला इतकी लाज कधी वाटली नव्हती. “चुकलो रे येसबा,” तो म्हणाला. “पण आता काय उपयोग? पोरगी मोकळ्या हातांनी बसणार. माझ्यामुळं.”

तेव्हा साळू गाडीतून उतरली. तिनं पेंढ्यातून एक पुडकं काढलं आणि नारोबासमोर ठेवलं. आत दोन डझन हिरव्यागार बांगड्या होत्या.

“जत्रेत घेतल्या होत्या मंजुळेसाठी,” ती म्हणाली. “तुमच्याकडं घ्यायला गेले असते तर तुम्ही तशाच दिल्या असत्या. मग आमचा आहेर तो कसला? म्हणून परक्याकडं गेले, आणि तुम्ही दिसलात तर मेली लाजून पदराखाली घेतल्या.”

नारोबा त्या पुडक्याकडे नुसता बघत राहिला. 

येसबानं खालच्या वाटीतले उरलेले एकोणीस पुसून लावले, वरच्यातला एक काढून टाकला, चिमटा चढवला, नट बेताचा आवळला. हँडल एका बोटानं फिरलं. नारोबाचं मनगट सुजलं होतं, म्हणून फटफटी बैलगाडीच्या मागं बांधली आणि तिघं पेंढ्यात बसून उरलेलं सातवं वळण चढले. दुपार कलायला लागली होती, पण मंजुळा पाटावर न बसता बापाची वाट बघत होती.

नारोबानं सुजल्या हातानं लेकीला चुडा भरला. प्रत्येक बांगडी चढल्यावर त्यानं आपलं बोट आत घालून पाहिलं.

“आबा, या आपल्या नाहीत,” मंजुळा हळूच म्हणाली. कासाराची लेक ती, काच ओळखणारच.

“आपल्याच आहेत,” नारोबा म्हणाला. “साळूवहिनीनं दिल्यात. माझ्या सगळ्या वाढल्या, आणि त्या माझ्या संशयानं वाढवल्या.” हे त्यानं भरल्या पंगतीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

वाटीला पडलेला चरा तसाच राहिला. पुढं नवी वाटी घालू म्हणून येसबानं कितीदा म्हटलं, पण नारोबानं ती बदलू दिली नाही. डावीकडे वळताना हँडल त्या चऱ्यावर बारीकसं कट् वाजायचं, आणि कोणाविषयी काही वाईटसाईट मनात येत असलं तर नारोबा तिथंच आवरायचा. आणि हो, घरी परतल्यावर त्यानं मूठभर दाणे घेऊन कोंबडीचीही माफी मागितली.

तात्पर्य: माणसामाणसांत एका छऱ्याची जागा मोकळी सोडावी, ती संशयानं भरली की वळायच्या वेळीच मान अडकते.