सागावरची रेघ

फार मागे एका रानात अस्वल वस्तादांची तालीम होती. दाराशी सागाच्या खोडावर एक रेघ होती. ज्याचं डोकं तिला लागेल, त्यालाच लाल मातीत उतरायला मिळे. भुंड्या रानडुक्कर जरासा कमी पडला. आत सांबर शड्डू ठोकायचं आणि बाहेर भुंड्याचा जळफळाट व्हायचा. शेवटी त्याने आग्या मोहोळात डोकं खुपसलं. डोकं टम्म सुजलं, रेघेला लागलं आणि भुंड्या आत आला.

त्याचं कण्हणं ऐकून वस्ताद कळवळले. त्यांनी ती रेघच तासून टाकली.

काही दिवसांनी बुटका चौशिंगा हसतमुखाने मातीत उतरला. भुंड्या तणतणत वस्तादांकडे गेला.

"वस्ताद, मी डंख सोसले. हा फुकटात कसा आत येतो?"

"त्यालाही डंख बसायला हवेत का?"

"रेघ परत मारा. होती तिथेच."

"तूच मार," वस्ताद शांतपणे म्हणाले. "पण मग माप सगळ्यांचंच नव्याने होईल."

"होऊ द्या की."

भुंड्याने दगडावर चढून तासल्याच्या खुणेवर सुळ्याने रेघ कोरली. चौशिंगा मान खाली घालून बाहेर गेला. मग भुंड्या ऐटीत खोडाला टेकून उभा राहिला. त्याच्या डोक्याची सूज केव्हाच उतरली होती.