वाचनालयाचा पंखा आणि पाण्याचा कूलर

यंत्रं माणसांशी बोलायची, त्या काळची ही गोष्ट. एका शाळेच्या व्हरांड्यात पाण्याचा मोठा कूलर होता. वीज कुठे वाया जाते ते शोधत सातवीची मुलं त्याच्यापाशी आली, तेव्हा त्याला धडकीच भरली. आपण सुट्टीच्या दिवशीही उगाच घरघरत असतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

“वाचनालयातला म्हातारा पंखा बघा,” तो घाईघाईने म्हणाला. “सारखा कुरकुरतो. तोच सगळी वीज खातो.”

मुलांनी पंखा बंद केला. ऐन उन्हाळ्यात वाचनालयात बसवेना. लहान मुलं घामाघूम होऊन पुस्तकं तशीच टाकून जाऊ लागली. मीटर मात्र पूर्वीसारखाच पळत होता.

एका रविवारी त्या मुलांपैकी रेवती मुद्दाम मीटर पाहायला आली. शाळेत चिटपाखरू नव्हतं, तरी मीटर फिरतच होता. घरघर ऐकत ती कूलरपाशी पोचली. त्याच्या पत्र्यावर हात ठेवून हळूच म्हणाली, “अरे, म्हणजे तूच?”

“हो,” कूलर म्हणाला. “पंख्यावर मी खोटा आळ घेतला. शाळा सुटली की मला बंद करत जा.”

सोमवारी पंखा पुन्हा फिरू लागला. त्याला सगळं कळलं होतं. सकाळी शाळा भरताच मुलं कूलरभोवती जमली, तेव्हा पंखा खिडकीतून ओरडला, “दमानं घ्या रे पोरांनो! तो आत्ताच सुरू झालाय, पाणी गार व्हायला वेळ द्या बिचाऱ्याला.”

त्यापेक्षा पंख्याने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं कूलरला वाटलं.