तांबडीचं टणक अंडं

एका राज्यात वज्रसेन नावाचा राजा होता. राज्य नीट करी, पण पंगतीत आग्रह करकरून माणसाला जीव नकोसा करी. एकदा काळझाप नावाचा मांत्रिक जेवायला आला. तो म्हणाला, "पुरे." राजाने आणखी लाडू वाढला. मांत्रिकाने पानावर हात आडवा धरला. राजाने हातावरच तूप ओतलं. मांत्रिक भरल्या पानावरून उठला.

"राजा, तुझ्या हातचं जो खाईल, तो मऊ पडेल. तुझ्या कोंबडीचं टणक अंडं तुझी लेक खाईल, तेव्हाच शाप सुटेल."

झालं. राजाच्या हातचं खाऊन राजकन्या केतकीची हाडं मेणासारखी झाली. पोर उभी राहीना. त्याने टाकलेले दाणे टिपून कोंबड्या बिनकवचाची अंडी घालू लागल्या. अंडं हातात घ्यावं तर ओघळून जाई. मग राजाने काय केलं? कोंबड्या सोन्याच्या खुराड्यात कोंडल्या आणि स्वतः बदामाचा शिरा भरवू लागला! अंडी आणखीच मऊ.

राणी सोनकळा तरातरा खुराड्याशी गेली. तिथली तांबडी कोंबडी माणसासारखी बोलत असे. पण तिला आजवर कुणी काही विचारलंच नव्हतं.

"तांबडे, तुला काय पाहिजे?"

"तीन गोष्टी, राणीसाहेब. दार उघडा. मागून हाक मारू नका. आणि मी काय खाते ते बघा, पण मधे हात घालू नका."

राणीने दार उघडलं. तांबडी थेट उकिरड्यावर गेली, पायांनी उकरून अळ्या खाऊ लागली. राजा शिऱ्याचं ताट घेऊन धावला.

"शी! राजघराण्याची कोंबडी ही!"

"मागे व्हा," राणी म्हणाली.

मग तांबडीने विंचू धरला. राणी पुढे सरसावली. ही मेली, तर पोर जन्मभर अंथरुणावर! हाक ओठांशी आली, तशी राणीने पदराचा बोळा तोंडात कोंबला. तांबडीने विंचू दगडावर आपटला नि गिळला. मग राजवाड्याच्या भिंतीशी जाऊन चुन्याचे पोपडे टिपू लागली.

"भिंत खातेय!" राजा ओरडला. "अगं, थोडा शिरा तरी..."

राणीने ताट हिसकावून उलथं केलं. "तुमच्या या 'थोडं तरी'पायी माझी पोर लोळागोळा झाली!"

राजा मागे सरला. जन्मात पहिल्यांदा.

असे काही दिवस गेले. एका सकाळी तांबडीने कणगीआड अंडं घातलं. राणीने ते दगडावर टेकवलं. टक्! आवाज ऐकूनच तिला रडू फुटलं. अंडं उकडून केतकीला दिलं. तिने खाल्लं, हाडं कडाकडा वाजली, आणि पोर उभी राहिली. सोन्याचं खुराडं वितळून मातीत मुरलं.

राजाचा हात सवयीने लाडवाकडे गेला. थांबला.

"केतके, तुला काय हवंय?"

"भाकरी आणि ठेचा. आणि बाबा, माझं मी वाढून घेईन."

तेव्हापासून त्या राज्यात कोंबड्या दिवसभर मोकळ्या हिंडतात, मनाला येईल ते टिपतात, सांजेला आपणहून घरी येतात. पंगतीत कुणी 'पुरे' म्हटलं की वाढणारा पुढे जातो. ज्याला पटेल त्याने तसं करावं. न पटेल त्याने खुशाल मऊ अंडी खावीत.