बाळाच्या कानात शिंक

एवढीशी, बोटाएवढी एक उंदीरआत्या होती. तिचं नाव चिकूआत्या.

आज बाळाचं बारसं होतं. शकूकाकूंच्या मागच्या खोलीत, पेटीच्या मागे, करवंटीचा पाळणा सजला. नाव कोण सांगणार? आत्याच सांगणार! तो आत्याचा मान.

चिकूआत्या बाळाच्या कानाशी वाकली. हळूच म्हणाली, "कुर्रर्र..."

आणि आऽऽक्छी!

बाळ दचकलं. भोकाड पसरून रडलं. सगळे उंदीर फिदीफिदी हसले. "नाव काय ठेवलं? आक्छी! आक्छी!"

चिकूआत्याला लाज वाटली. फार लाज वाटली. कान लालबुंद झाले. तिने शेपटी नाकावर धरली.

बाळाची आई म्हणाली, "वन्सं, खोलीची खिडकी महिनाभर बंद आहे. धूळ नुसती कोंडलीय. जा, खिडकी उघडून घ्या. वारा आला की शिंक थांबेल. पण दिवे लागायच्या आत या हं. नाही तर नाव बाळाची मावशी सांगेल."

मावशी? आत्या असताना मावशी? अगं बाई!

चिकूआत्या निघाली. भिंतीला चिकटून, मान खाली घालून. तुरुतुरु, तुरुतुरु. आऽऽक्छी!

"खिडकीताई, खिडकीताई, उघड ना!
माझी शिंक थांबेना!"

"का गं? काय झालं?"

"काही नाही, काही नाही." शेपटी नाकावर.

"कडी निघाली तर मी उघडेन."

तुरुतुरु, तुरुतुरु. आऽऽक्छी!

"कडीताई, कडीताई, नीघ ना!
खिडकी उघडेना,
माझी शिंक थांबेना!"

"का गं? काय झालं?"

"काही नाही, काही नाही." शेपटी नाकावर.

"ही गादी माझ्यावर रेललीय. ती सरकली तर मी निघेन."

तुरुतुरु, तुरुतुरु. आऽऽक्छी!

"गादीबाई, गादीबाई, सरक ना!
कडी निघेना,
खिडकी उघडेना,
माझी शिंक थांबेना!"

"का गं? काय झालं?"

"काही नाही, काही नाही." शेपटी नाकावर.

"मनी माझ्यावर झोपलीय. ती उठली तर मी सरकेन."

मनी म्हणजे मांजर! बाप रे! चिकूआत्या चार हात लांबच थांबली. आऽऽक्छी!

"मनीताई, मनीताई, ऊठ ना!
गादी सरकेना,
कडी निघेना,
खिडकी उघडेना,
माझी शिंक थांबेना!"

मनीने एकच डोळा उघडला. "का गं? काय झालं?"

"काही नाही, काही नाही." शेपटी नाकावर.

"काकूंनी दुधाला हाक मारली तर मी उठेन." डोळा बंद.

तुरुतुरु, तुरुतुरु. शकूकाकू स्वयंपाकघरात बसल्या होत्या. नाकाला पदर लावून! आऽऽक्छी!

"शकूकाकू, शकूकाकू, हाक मारा ना!
मनी उठेना,
गादी सरकेना,
कडी निघेना,
खिडकी उघडेना,
माझी शिंक थांबेना!"

"का गं? काय झालं?"

"काही नाही, काही नाही." शेपटी नाकावर.

"मनीची वाटी अंगणात असते. हाक मारायची तर दार उघडायला हवं. बाहेर गवत फुललंय. उन्हात पिवळी भुकटी उडते. माझंही नाक गळतंय बघ. ऊन कललं तर मी दार उघडेन."

चिकूआत्या दाराच्या फटीतून अंगणात गेली. तुरुतुरु, तुरुतुरु. आऽऽक्छी! आऽऽक्छी!

"ऊनदादा, ऊनदादा, कल ना!
काकू हाक मारीना,
मनी उठेना,
गादी सरकेना,
कडी निघेना,
खिडकी उघडेना,
माझी शिंक थांबेना!"

"का गं? काय झालं?"

"काही नाही, काही नाही."

"मग शेपटीमागे काय लपवलंस?"

"नाक."

"नाक कशाला लपवायचं?"

चिकूआत्याचे डोळे भरून आले. "मी बाळाच्या कानात शिंकले. सगळे हसले. मला लाज वाटते."

ऊनदादा हळूच म्हणाला, "शिंक काय कोणी मुद्दाम देतं? गवत मी फुलवलं. भुकटी मी उडवली, तीच फटीतून आत शिरली. लाजायचं तर मीच लाजायला हवं."

आणि ऊनदादा लाजला. लाल लाल झाला. लाजत लाजत कलला.

ऊन कललं. भुकटी खाली बसली.
काकूंनी दार उघडलं, हाक मारली, "मने, ये गं, दूध!"
मनी उठली. धप्प!
गादी सरकली. घस्स!
कडी निघाली. खट्ट!
खिडकी उघडली. सताड!

दारातून वारा आला. भुर्रर्र! खिडकीतून वारा गेला. भुर्रर्र! जाताना धूळ घेऊन गेला.

चिकूआत्याने श्वास घेतला. एक. दोन. तीन. शिंक नाही!

ती पळत सुटली. पाळण्याशी मावशी वाकली होती. अगदी बाळाच्या कानाशी!

"थांबा! थांबा!"

सगळ्यांनी वळून बघितलं. चिकूआत्याचे कान परत लाल झाले. शेपटी नाकाकडे निघाली. पण तिने ती खाली सोडली.

"मी बाळाच्या कानात शिंकले," ती म्हणाली. "मला लाज वाटली. पण आत्या मीच आहे. नाव मीच सांगणार."

कोणी हसलं नाही. मघाशी हसलेले उंदीर खाली बघू लागले. आता त्यांना लाज वाटत होती. मावशी चटकन बाजूला झाली. म्हणाली, "या आत्याबाई."

चिकूआत्या वाकली. "कुर्रर्र..."

सगळे थांबले.

शिंक नाही. नाव!

मग काय, आत्याच्या पाठीत धपाधप गुद्दे! "नाव काय ठेवलं? नाव काय ठेवलं?"

"झुळूक!"

बाळ खुदकन हसलं.

झुळूक पाळण्यात निजली, आणि आपली गोष्टही निजली.