भुरीचा उतार

या, इकडून या. बारवेच्या तीन बाजूंना पायऱ्या आहेत, तिकडून कुणीही उतरतं. ही चौथी बाजू मात्र नीट बघा. इथं एकही पायरी नाही. वरपासून पाण्यापर्यंत सरळ दगडी उतार, आणि दगडावर टाकीचे बारीक घाव. लांबून लांबून माणसं येतात आणि हेच विचारतात, की ही बाजू अर्धवट राहिली का? राहिली नाही. मुद्दाम अशी बांधली आहे.

ही बारव मल्लू पाथरवटानं बांधली असं सांगतात. बहिर्जी देशमुखांनी त्याला दूरवरून बोलावून आणलं होतं. सोबत त्याची बायको येसू. वाटेत एका गावाबाहेर त्यांना राखाडी रंगाची एक कुत्री सापडली. बैलगाडीचं चाक मागच्या पायावरून गेलेलं, अंगावर माश्या बसलेल्या. मल्लू म्हणाला, "वाचायची नाही ही." येसूनं तिला उचलून पदरात घेतलं आणि चालू लागली. मग मल्लूनंच बांबूच्या कामट्या तासून तो पाय बांधला. हाड जुळलं, पण वाकडं. तिचं नाव भुरी.

इथं खोदकाम सुरू झालं. माती संपली, मुरूम संपला, काळा खडक लागला, तरी पाण्याचा पत्ता नाही. मजूर कंटाळून निघून जायला लागले. भुरी मात्र माती वाहायच्या कच्च्या वाटेनं लंगडत खाली यायची आणि रोज एकाच कोपऱ्यात, खडकाला पोट लावून पडायची. सावली सरकली तरी ती हलायची नाही म्हणे. येसूला नवल वाटलं. तिनं तिथं तळहात टेकवला, तर खडक गार. मल्लूनं तिथंच पहार घातली, आणि झरा फुटला.

मग बांधकाम चढू लागलं. तीन बाजूंना पायऱ्या झाल्या, कच्ची वाट मोडली. भुरीला काही त्या पायऱ्या उतरता येईनात. ती काठावर बसून खाली पाण्याकडे बघत राहायची. येसू फुटक्या मडक्यातून पाणी वर आणून द्यायची, ते ती प्यायची, पण नजर खालीच. तोवर ती म्हातारी झाली होती; त्याच उन्हाळ्यात गेली. तिला कुठं पुरलं ते दोघांनी कुणाला सांगितलं नाही.

चौथ्या बाजूचं काम काढलं तेव्हा येसू म्हणाली, "इथं पायऱ्या नकोत. उतार बांधा."

"आता कुणासाठी? ती तर गेली."

"तिच्यासारखं दुसरं येईल की."

मल्लूनं उतार बांधला, आणि पंजा घसरू नये म्हणून प्रत्येक दगडावर टाकीनं घाव घातले.

पाण्याच्या पूजेला देशमुख आले, बघतात तर हे असं. ते भडकले. "एका कुत्रीसाठी माझ्या बारवेची बाजू बिघडवलीस? फोडून टाक सगळं!" मल्लू मान खाली घालून उभा. येसू मात्र उतारावर जाऊन बसली म्हणे. उठेना.

देशमुखांच्या आई, आऊबाई, मेण्यातून आल्या होत्या. गुडघे धरलेले; कित्येक वर्षांत त्या कुठली पायरी चढल्या-उतरल्या नव्हत्या. त्या मेण्यातून उतरल्या, भिंतीला हात लावला आणि एकेक पाऊल टाकत उतारावरून निघाल्या. येसूनं उठून दुसरा हात धरला. खाली पोचल्यावर आऊबाईंनी कोपरापर्यंत हात पाण्यात घातले आणि बराच वेळ तसेच ठेवले.

मग वर बघून म्हणाल्या, "बहिर्जी, कुणासाठी बांधलंय म्हणालास हे?"

देशमुखांनी पागोटं काढून हातात घेतलं. उतार राहिला.

त्यावर ना मूर्ती, ना शेंदूर. पण आजही आमच्या गावात कुणी टाकलेलं, जखमी कुत्रं घरी आणलं, की बरं झाल्यावर त्याला इथं आणतात. आपण काठावर थांबायचं, हाक मारायची नाही. ते आपलं आपण उतरून पाणी पिऊन वर आलं, की मग त्याचं नाव ठेवायचं. गेल्या महिन्यात माझ्या सुनेनं आणलेलं कुत्रं उतारावर मध्येच बसून राहिलं. ऊन चढलं, चुली खोळंबल्या, पण कुणी घरी गेलं नाही.